इंग्रजी ऐकवणारे पुष्कळ, ऐकणारं कोण?

चांदे हे मुळशी तालुक्यातलं गाव. शेजारी नांदे, जवळच लवळे, दुसऱ्या अंगाला माण आणि हिंजवडी. तालुक्याचं ठाणं पौडला असलं, तरी गेल्या पंचवीस वर्षांत या पट्ट्याचं तोंड हिंजवडीच्या आयटी पार्ककडे वळलं आहे. इथल्या पहिली-दुसरीतल्या मुलाच्या नजरेला इंग्रजी दिवसभर पडतं: गृहप्रकल्पांच्या फलकांवर, कंपन्यांच्या बसगाड्यांवर, बिस्किटाच्या पुड्यावर. कानावरही पडतं, कारण घरात मोबाइल आहे आणि मोबाइलवर एबीसीडीची गाणी आहेत. तरीही यातलं जवळजवळ काहीच त्या मुलाला उद्देशून नसतं. फलक त्याला काही विचारत नाही, आणि गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, मूल काही म्हणालं की नाही याची वाट न पाहता. इंग्रजी बोलणाऱ्या पगारदारांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर वाढणारं मूल दिवसचे दिवस एकाही माणसाशी इंग्रजीत एक वाक्य न बोलता काढू शकतं. प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीचा आजचा प्रश्न इथे आहे, असं माझं म्हणणं आहे. इंग्रजी ऐकवणं आता फुकट झालं आहे. मुलाचं मोडकंतोडकं इंग्रजी ऐकून त्याला उत्तर देणारं माणूस मात्र पूर्वीइतकंच दुर्मीळ आहे, आणि डिजिटल साधनांवर होणारा खर्च बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीवर होतो, दुसरीवर होत नाही.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० मध्ये. त्याआधी ते पाचवीला सुरू होई. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे पुणे जिल्ह्यातलेच. त्यांच्या निर्णयावर मोठं वादळ उठलं. मराठीचं काय होणार, ही एक काळजी होती. ज्या शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलण्याची सवय नाही तो काय शिकवणार, ही दुसरी. पाठिंबा देणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: पैसेवाल्याचं मूल बालवाडीपासून इंग्रजी शिकतं, मग शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाने दहा वर्षांचं होईपर्यंत का थांबावं? हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याला वजन आहे. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’त सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजीला माउली म्हटलं, कारण शूद्रातिशूद्रांसाठी ती बंद दार उघडणारी भाषा आहे हे त्यांना दिसत होतं. चांद्यातली आई आज मुलाला इंग्रजी यावं म्हणून धडपडते तेव्हा तिची मागणी त्याच परंपरेतली आहे. तिला खुळं ठरवून मराठीचं भलं होणार नाही. मागणी रास्तच आहे. शाळा तिच्या बदल्यात काय हातात ठेवते, एवढंच तपासायचं.

त्या वेळी शिक्षकापाशी साधनं म्हणजे पुस्तक, खडू आणि स्वतःचा आवाज. त्यामागे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची कित्येक पिढ्यांची परंपरा होती. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. त्या पद्धतीने वाचणारी, कचेरीत नेटका अर्ज लिहिणारी माणसं घडली. बोलणं मात्र राहून गेलं. पहिलीतल्या मुलाला तर लिहिताही येत नसतं, त्यामुळे २००० नंतरचं इंग्रजी मुळात कानाचं आणि तोंडाचं असायला हवं होतं. अभ्यासक्रमात ते तसं लिहिलेलंही होतं. वर्गात मात्र फळ्यावरची अक्षरं, पाठ केलेली स्पेलिंगं आणि एका सुरात म्हटलेल्या कविता उरल्या.

त्यानंतर मोबाइल आला. त्याने चित्र किती बदललं, याचा अंदाज ‘असर’ या सर्वेक्षणातून येतो. त्याचे सर्वेक्षक घरोघरी जाऊन मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावतात. ग्रामीण भारतात पाचवीतल्या ज्या मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता येतात त्यांचं प्रमाण २०१६ मध्ये २४.७ टक्के होतं. २०२२ मध्ये ते २४.५ टक्के निघालं. स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेली. म्हणजे फोन जवळपास दुपटीने वाढले आणि वाचन जागचं हललं नाही. याला कुणी रास्त हरकत घेईल: मधल्या काळात करोनामुळे शाळा बंद होत्या, पाचवीचं स्वभाषेतलं वाचन ५०.५ टक्क्यांवरून ४२.८ टक्क्यांवर घसरलं, आणि तरी इंग्रजी टिकलं. कदाचित ते फोननेच टिकवलं असेल. असेलही. या आकड्यांवरून ते खोडून काढता येत नाही. पण फोन घरात आला की इंग्रजी आपोआप सुधारेल, ही जी आशा विकली जाते तिलाही या आकड्यांत आधार नाही. २०२३ चा आकडा मला जास्त बोलका वाटतो. १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे पाऊण हिश्श्याला त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेल्या पाव हिश्श्याच्या तोंडून शब्द बरोबर उमटत होते, अर्थ मात्र लागत नव्हता. शाळेत आठ-दहा वर्षं इंग्रजी ‘म्हटलं’ गेलं, त्यात त्यांच्याशी कुणी काही बोललं नाही, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

नुसतं ऐकून भाषा का येत नाही, यावर एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींच्या समोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळली, गोष्टी सांगत राहिली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. काहींना फक्त आवाज ऐकवला. बारा बैठकांनंतर चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले ते फक्त माणसाबरोबर खेळलेल्या बाळांना. एवढ्यावरून पडदाच वाईट असं म्हणणं मात्र घाईचं होईल. २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मुलांना व्हिडिओ कॉलवरून नवीन क्रियापदं शिकता आली, आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून आली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. कॉलवरचं माणूस मुलाकडे पाहून थांबत होतं, त्याच्या प्रतिसादाप्रमाणे बोलत होतं. चित्रफितीतलं माणूस तसं करूच शकत नव्हतं. फरक तेवढाच. ही बाळं होती, सहा वर्षांची शाळकरी मुलं नव्हेत, हे विसरून चालणार नाही; मोठी मुलं चित्रफितीतूनही शब्द उचलतात. पण उचललेला शब्द वापरायला जागा मिळाली नाही तर तो विरून जातो.

इथे मराठी घरातून एक बिनतोड वाटणारी हरकत येते. आमच्या मुलांना हिंदी कुणी शिकवली? कार्टून बघून तर आली! डोरेमॉन आणि छोटा भीम बघणारी चार-पाच वर्षांची मुलं फाडफाड हिंदी बोलतात, शाळेत हिंदीचा तास नसताना. मग तेच इंग्रजीत का होऊ नये? या हरकतीत तथ्य आहे, म्हणून ती नीट उलगडायला हवी. मराठी आणि हिंदीच्या वाक्याची ठेवण एक आहे. ‘मी आंबा खातो’ आणि ‘मैं आम खाता हूँ’ यांत शब्द बदलतात, त्यांच्या जागा बदलत नाहीत. शब्दांची मुळं, लिपीसुद्धा सारखी. मुलाला घर नवीन बांधायचं नसतं, रंग तेवढा बदलायचा असतो. शिवाय पुणे परिसरात मुलाला हिंदी बोलायला माणूस सापडतो. मुळशीच्या या भागात बांधकामावर आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं त्याच शाळेत बाकावर शेजारी बसतात. भाजीवाला, रिक्षावाला हिंदीत विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. कार्टूनने हिंदी दिली, ती पक्की केली गल्लीने. इंग्रजीला चांद्यात अशी गल्ली नाही. ती वर्गात तयार करावी लागेल.

तसं करताना शिक्षकापाशी जे ज्ञान लागतं ते कोणत्याही ॲपमध्ये सहसा नसतं, आणि ते आहे मराठीचं ज्ञान. देवनागरी वाचायला शिकलेल्या मुलाला चिन्ह आणि उच्चार यांच्या इमानी नात्याची सवय झालेली असते. ‘क’ दिसला की ‘क’च म्हणायचं. त्याच्यापुढे एकदम ‘सी’ हे अक्षर येतं. ‘कॅट’मध्ये ते ‘क’ आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि ध्वनी चव्वेचाळीसच्या आसपास. स्वरांची अक्षरं तर पाचच, आणि काम विसेक स्वरांचं. मूल ‘पुट’च्या चालीवर ‘बट’ला ‘बुट’ वाचतं तेव्हा ते चुकत नसतं, मराठीत शिकलेला नियम प्रामाणिकपणे लावत असतं. हे शिक्षकाने त्याला मोकळेपणी सांगितलं तर मुलाच्या मनातली अर्धी भीती जाते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक मराठी कानाला सहजी लागत नाही, कारण आपण र्‍हस्व-दीर्घ लिहितो तेवढ्या काटेकोरपणे बोलत नाही. उलट ‘झू’मधला ध्वनी आपल्या मुलाला आधीच येतो, तो ‘जरा’ आणि ‘जाळं’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे, ‘जग’ किंवा ‘जीभ’मधला नव्हे. ‘जरातला ज म्हण’ एवढं सांगणारी बाई दहा चित्रफितींचं काम एका वाक्यात करते. आणखी एक उदाहरण घेऊ. मूल म्हणतं, ‘आय मँगो ईट.’ यंत्र लाल फुली दाखवतं. जाणती शिक्षिका म्हणते, ‘ओह, यू ईट अ मँगो? वन मँगो ऑर टू?’ मूल म्हणतं, ‘टू!’ चूक दाखवली गेली नाही, बरोबर वाक्य कानावर पडलं, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या आंब्याची चौकशी झाली. दोन-चार वेळा असं झालं की शब्द आपापल्या जागी बसू लागतात.

यावर शिक्षकांकडून येणारी हरकत सगळ्यात खरी आहे: आमचंच इंग्रजी कच्चं, आमचे उच्चार मुलांनी का उचलावेत? मोबाइलमधले उच्चार तरी शुद्ध. याचं उत्तर पुण्यातच, आणि मोबाइलच्या आधी, शोधलं गेलं होतं. १९८४ साली स्थापन झालेल्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या पुण्याच्या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वी लर्न इंग्लिश’ हे ध्वनिपाठ तयार केले आणि ते आकाशवाणीवरूनही ऐकवले गेले. निवेदन मराठी आणि इंग्रजी मिळून. पात्रं बोलतात, मग आवाज थांबतो, वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर देतात, मग पुढचं बोलणं. शिक्षकाने अस्खलित बोलायचं नव्हतं; मुलांना बोलतं करायचं होतं. उच्चाराचा नमुना यंत्राने द्यायचा आणि कान शिक्षकाने, ही कामाची वाटणी मला आजही सर्वांत शहाणी वाटते. तिच्यात मराठीला वर्गाबाहेर काढलेलं नाही आणि शिक्षकालाही खजील केलेलं नाही. २०१६ पासून काही वर्षं ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी चालवलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात हीच वाटणी शिक्षकांच्या बाजूने पुढे गेली. प्राथमिक शिक्षकांचे लहान गट ठरावीक दिवशी भेटत, आपापसांत इंग्रजी बोलत, वर्गात काय जमलं ते सांगत, आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर एकमेकांना धरून राहत. तिथे मोबाइल मुलाच्या हातात नव्हता. तो शिक्षकाच्या हातात होता, आणि त्यातून त्याला बोलायला सोबती मिळत होते. डिजिटल शिक्षणाची घोषणा ज्या खर्चाने होते त्यातला थोडा वाटा इथे वळवला तरी मला तो सत्कारणी वाटेल.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. त्या कामाचं महत्त्व मला असं वाटतं की कोड पुस्तकाच्या पानावरच राहतो. मूल अफाट पडद्यात भरकटत नाही. ज्या कवितेपाशी आहे तिचाच आवाज ऐकतं आणि पुन्हा पानावर येतं. पण कोड स्कॅन करून कविता वाजवली आणि तास संपला, असं झालं तर कोड आणि जुनी ध्वनिफीत यांत फरक काय? पुढचा प्रश्न कोण विचारतं यावर सारं अवलंबून आहे.

याचा सर्वांत बोधक दाखला फलटणचा आहे. सुगता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि मुलं शिक्षकाशिवाय शिकतात असं मांडलं. जगभर त्याचं कौतुक झालं. पुढे पायल अरोरा यांनी उत्तराखंडात अल्मोड्याच्या बाजूला अशी केंद्रं पाहिली तेव्हा ती बंद पडलेली होती. २०१० मध्ये त्यांनी ते लिहिलं. मित्रांच्या कामातला जो भाग मला टिकाऊ वाटतो तो भिंतीतला संगणक नव्हे. २००९ च्या सुमारास मुख्यतः ब्रिटनमधले स्वयंसेवक, त्यांत बऱ्याच निवृत्त शिक्षिका, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागले. या उपक्रमाचं नाव ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे आभाळातल्या आज्याच. त्या शिकवत नसत. गोष्ट वाचत, चित्र दाखवत, मुलाने काही केलं की नवलाने विचारत, हे कसं केलंस? २०१३ मध्ये मित्रांना टेड पुरस्कार मिळाल्यावर ज्या ठिकाणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यांत फलटणची प्रगत शिक्षण संस्था होती. ही संस्था १९७८ साली मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केली. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी मराठीचा आयुष्यभर अभ्यास केला, मराठी वाचन-लेखन मुलांना पक्कं कसं द्यावं याची पद्धत बांधली, आणि संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाचीच ठेवली. ज्या मुलांपाशी स्वभाषेचा भक्कम पाया होता, त्यांच्यापुढे पडद्यावर एक आजी येऊन बसली. पडदा दोघांच्या मधला निरोप्या झाला होता.

मग थेट इंग्रजी माध्यमच का नको, लहान वयात भाषा लवकर येते ना? येते, पण ती भोवती बोलली जात असेल तर. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या आणि अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलांची अनेक वर्षं तुलना केली. सारख्या तासांनंतर उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. आठवड्याला मोजके तास, बाहेर इंग्रजी नाही, अशा ठिकाणी वयापेक्षा तासांचा कस महत्त्वाचा ठरतो. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं की एका भाषेत कमावलेलं वाचनाचं, तर्काचं बळ दुसऱ्या भाषेत उतरतं. ते आपल्या अनुभवाशी जुळतं. म्हणून पहिलीपासून इंग्रजी असावं, पण बोलण्याचं. वाचनाचा भार आधी मराठीने उचलावा.

सर्वांत ताजी आणि सर्वांत बळकट हरकत यंत्रच आता ऐकू लागलं, ही आहे. गूगलचं मुलांचं वाचन ऐकणारं ॲप २०१९ मध्ये भारतात आलं. पुढे ते मराठीतही आलं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप अडल्या शब्दाला मदत करतं. बोलणारी नवी यंत्रं तर प्रश्नही विचारतात. माझं म्हणणं यंत्राला उत्तर देता येत नाही यावर उभं असतं तर ते आज ढासळलं असतं. म्हणून स्पष्ट सांगतो: वाचनाच्या सरावासाठी, विशेषतः ज्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही तिथे, हे ॲप द्यावं, ते उपकारकच आहे. लाजऱ्या मुलाला यंत्रापुढे चुकायला भीती वाटत नाही, हाही मोठा गुण. पण लहान मुलांचा आवाज, गावाकडचे उच्चार आणि तीस मुलांच्या वर्गातला गलका यांत यंत्राचा कान आजही अडखळतो. आणि मूल बोलतं ते कुणाला तरी काही सांगायचं असतं म्हणून. आमच्या म्हशीला रेडकू झालं, हे यंत्राला सांगून त्याला काय मिळणार? ते बाईंना सांगायचं असतं, मैत्रिणीला सांगायचं असतं. शिवाय ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला ५७ टक्क्यांनी, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. एकट्या मुलाच्या हातात दिलेला फोन कुठे वाहत जातो, ते यातून दिसतं.

तासाचा हिशेब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षक एक शब्दही बोलला नाही, तरी एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला सत्तर सेकंद येतात. निम्मा वेळ शिक्षक आणि फळ्याचा गेला तर पस्तीस सेकंद. आठवड्याचे पाच तास धरले तरी तीन मिनिटं होत नाहीत. मोठा पडदा लावून चित्रफीत चालवली तर तीही जातात. आता तोच तास असा मांडू. शिक्षिका एका मोबाइलवर, छोट्या स्पीकरला जोडून, दोन मिनिटांचा संवाद दोनदा ऐकवते: दप्तरात काय आहे, ते दोन मुलं एकमेकांना विचारतात. मोबाइल टेबलावर पालथा. मग मुलं जोडीजोडीने बसतात. एकाने दप्तरात हात घालायचा, दुसऱ्याने ओळखायचं: ‘इज इट अ पेन?’ ‘नो.’ ‘इज इट युअर डबा?’ डबा हा शब्द मराठी राहिला तर राहू द्यावा. दहा मिनिटांत एकेक मूल पाचेक मिनिटं बोलतं, म्हणजे एका तासात दीड आठवड्यापेक्षा जास्त वाटा. वर्गात गलका होतो, आणि केंद्रप्रमुख त्या वेळी दारात आले तर त्यांनी तो गलका शिस्तभंग मानू नये, एवढं आधी ठरलेलं असायला हवं. शिक्षिका जोड्यांमधून फिरते. सगळ्या चुका दुरुस्त करायला ती थांबत नाही; एखाद्या जोडीपाशी टेकते, दप्तरातून काय निघतं ते पाहते, आणि तिला स्वतःला खरंच ठाऊक नसलेलं काही इंग्रजीत विचारते. परीक्षाही याच वळणाची हवी. दहा स्पेलिंगं लिहून घेण्याऐवजी मुलाला पुस्तकात नसलेला एक प्रश्न विचारावा, आणि उलट एक प्रश्न त्यालाही विचारू द्यावा.